यंदा तारली का नाही?

मालवण, पणजी, कारवार, कुठल्याही बाजारात दर काही वर्षांनी हा प्रश्न ऐकू येतो. गेल्या हंगामात तारली एवढी होती की घ्यायला माणूस मिळत नव्हतं आणि यंदा पाट्याच रिकाम्या. उत्तरंही ठरलेली असतात. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे यांत्रिक बोटीतून थव्याभोवती मोठं घेराचं जाळं टाकणाऱ्यांनी, समुद्र खरवडून नेला, पाऊस धड झाला नाही, पाणी खराब झालं. या प्रत्येकात तथ्य आहे. पण तारलीसारख्या लहान माशाच्या बाबतीत उत्तराचा मोठा भाग त्या वर्षी समुद्राचं पाणी कुठून कुठे गेलं, यात दडलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी भांडतही नाही. तो समजून घेतल्याशिवाय मासळीचं कुठलंही भांडण सुटणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आकडे केरळचे घेऊ, कारण तारलीचं माहेर तेच. 2012 साली केरळात सुमारे 4 लाख टन तारली किनाऱ्याला लागली. 2021 मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मोजली ती 3,297 टन. शंभरातला एक भागसुद्धा नाही! आणि पुढच्या दोन वर्षांत, 2023 पर्यंत, हाच आकडा पुन्हा लाखाच्या वर गेला. एवढ्या थोड्या काळात बोटी आणि जाळी काही शंभर पटींनी कमी-जास्त झाली नव्हती.

शिवाय हे आजचं नाही. 1940 च्या दशकात, यांत्रिक बोटींचा पत्ता नव्हता तेव्हाही, मलबार किनाऱ्यावरून तारली अशीच दिसेनाशी झाली होती. त्याहून जुना पुरावा कॅलिफोर्नियात सापडला. तिथे सांता बार्बराजवळ समुद्रात एक खोल खळगा आहे. तळाशी प्राणवायू जवळजवळ नसल्याने गाळ ढवळणारे किडे तिथे जगत नाहीत आणि वर्षागणिक गाळाचे थर एकावर एक जसेच्या तसे बसत राहतात. त्या थरांत अडकलेले माशांचे खवले मोजून संशोधकांनी सुमारे 1,700 वर्षांचा हिशेब लावला. तारलीची तिकडची भावंडं, म्हणजे सार्डिन आणि अँकोव्ही, माणूस मोठी जाळी घेऊन समुद्रात उतरण्याच्या कितीतरी आधीपासून मधूनमधून भरभरून येत होती आणि मधूनमधून गायब होत होती. कोणी पकडत नसतानाही.

मग त्यांना कमी-जास्त करणारं कोण?

1914 साली नॉर्वेच्या योहान योर्टने याचं उत्तर शोधण्याची दिशा दाखवली. त्याआधी सगळे मानत की मासे दिसेनासे झाले म्हणजे दुसरीकडे निघून गेले. योर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेरिंग माशांच्या खवल्यांवरची वर्षांची वलयं मोजली. तेव्हा दिसलं की वर्षानुवर्षं जाळ्यात येणारे बहुतेक हेरिंग एकाच वर्षी, 1904 मध्ये, जन्मलेले आहेत. त्या एका वर्षीची पिल्लं जगली आणि त्यांच्यावर पुढची कित्येक वर्षं मासेमारी चालली. आधीच्या-नंतरच्या वर्षीही मादीने अंडी घातली होतीच, पण ती पिल्लं तगली नाहीत. योर्टने निष्कर्ष काढला की माशांच्या संख्येचा निकाल त्यांच्या आयुष्याच्या अगदी पहिल्या दिवसांत लागतो. पिल्लाला वेळेवर खायला मिळालं का, आणि पाण्याने त्याला भलतीकडे वाहून नेलं का, या दोन शंका त्याने तेव्हाच मांडून ठेवल्या होत्या.

एक हिशेब करून बघा. समजा, एका मादीने आयुष्यात 40,000 अंडी घातली. त्यातली दोन पिल्लं मोठी होऊन विणीला आली की आई-बापांची जागा भरून निघाली, संख्या जैसे थे. चार पिल्लं जगली की एका पिढीत संख्या दुप्पट. एकच जगलं की निम्मी. 40,000 मधली दोन आणि 40,000 मधली चार यांत फरक तो किती? पाण्यात उतरून कोणालाही तो दिसणार नाही. पण बाजारात तो भाव पाडतो किंवा चढवतो. त्यात तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. हेरिंगसारखं एका चांगल्या वर्षावर पुढची दहा वर्षं काढता येत नाहीत. ओळीने दोन हंगाम पिल्लं मेली की संपलंच.

तारलीची वीण मुख्यतः जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात होते. अंडी मिलिमीटरभराच्या आसपासची, पारदर्शक, पाण्यात तरंगत राहणारी. साधारण दिवसभरात ती फुटतात. बाहेर आलेलं पिल्लू म्हणजे काचेचा बारीक धागा. त्याला पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल. पाणी नेईल तिकडे ते जातं. पोटाशी बलकाची छोटीशी शिदोरी असते, ती दोन-तीन दिवसांत संपते. त्यानंतर तोंडात मावेल एवढं बारीक खाणं अगदी समोर यावं लागतं. शोधत फिरायची ताकद त्याच्यात नसते.

आता पाण्याकडे येऊ. आधी एक घोळ मिटवून टाकू. किनाऱ्यावरच्या माणसाला पाण्याची चाल म्हटलं की भरती-ओहोटी आठवते. पण भरतीचं पाणी येतं आणि बरंचसं मागे जातं. समुद्रप्रवाह म्हणजे आठवडे, महिने एकाच दिशेने चाललेलं पाणी. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत असा प्रवाह आहे आणि तो वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात वरचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे, कन्याकुमारीच्या बाजूला जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तेच उलट, दक्षिणेकडून उत्तरेकडे येतं आणि येताना बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी सोबत आणतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी 1987 च्या पावसाळ्यात जहाजावरून या किनाऱ्याची मोजणी केली. वरचा प्रवाह दक्षिणेकडे जात असताना त्याच्या खालून दुसरा प्रवाह उत्तरेकडे चाललेला असतो, हे त्यातून पुढे आलं. एकाच जागी वर एक दिशा, खाली दुसरी. पिल्लू किती खोलीवर आहे, यावर ते कारवारला जाणार की रत्नागिरीला, हे ठरू शकतं.

पण पावसाळ्यातली खरी करामत वेगळीच आहे: तळचं पाणी वर येतं. शास्त्रज्ञ याला अपवेलिंग म्हणतात. ते का होतं, हे कळायला जरा लांब, उत्तर ध्रुवाकडे जावं लागेल. 1890 च्या दशकात नॉर्वेच्या नान्सेनने आपलं ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं आणि बर्फासोबत वाहत राहिला. वारा वाहतो त्या दिशेला बर्फ सरळ सरकत नाही, उजवीकडे कलून सरकतो, हे त्याने टिपून ठेवलं. स्वीडनच्या एकमनने त्याचं गणित सोडवलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर एकंदरीत वाऱ्याच्या काटकोनात, उजवीकडे सरकतो.

आता मनाने केरळच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मोसमी वारा तिथे पोहोचेपर्यंत वळलेला असतो. जून ते ऑगस्ट तो वायव्येकडून, म्हणजे साधारण तुमच्या पाठीमागून येतो. तुमची उजवी बाजू पश्चिमेला, खुल्या समुद्राकडे. वरचं कोमट पाणी तिकडे सरकतं आणि त्याची जागा भरायला किनाऱ्यालगत खालचं पाणी वर येतं. हे पाणी वरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असतं. कोल्लमच्या बाजूला मे-जूनमध्ये याची सुरुवात होते आणि ते उत्तरेकडे सरकत मंगळूर, कारवार करत गोव्यापर्यंत येतं. दक्षिण कोकणात त्याचा जोर ओसरलेला असतो, आणि रत्नागिरीच्या पुढे चित्रच बदलतं. तिथे हिवाळ्यातले कोरडे वारे वरचं पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. म्हणून मुंबई-गुजरातच्या समुद्राचा हंगाम केरळच्या हंगामाशी जुळत नाही.

इतकी खटाटोप कशासाठी? वरच्या उजेडातल्या पाण्यात नत्र आणि फॉस्फरस लवकर संपतात, कारण सूक्ष्म वनस्पती ते खाऊन टाकतात. मेलेलं सगळं तळाला जातं, कुजतं, आणि खत तिथेच अंधारात साचून राहतं. अपवेलिंग म्हणजे त्या खताचा हप्ता उभ्या पिकाला देण्यासारखं आहे. हप्ता मिळाला की काही दिवसांत डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींनी पाणी हिरवट-तपकिरी होतं. तारली त्यावरच जगते. पुढच्या वेळी तारली साफ करताना कल्ल्याचं झाकण उचलून बघा. लाल कल्ल्यांच्या आतल्या बाजूला दाट, मऊ, केसांसारख्या दातांची फणी दिसेल. बांगड्यालाही अशी गाळणी असते, पण तारलीची फार दाट. तोंड उघडं ठेवून ती पाण्यातून पोहते आणि ही फणी डायटम गाळून घेते. पोट चिरल्यावर जो हिरवट-काळपट लगदा निघतो, तो तेच पीक. पावसाळ्यात जे खाल्लं, त्याची चरबी पुढे अंगावर दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारली तव्यावर टाकली की तेल सोडते, ते यामुळेच. चवीचा जाणकार नकळत समुद्राची तपासणीच करत असतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की वारा जोरात, अपवेलिंग जोरात, म्हणजे तारली जास्त. तसं होत नाही, आणि मला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. जो वारा खत वर आणतो, तोच वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो, आणि त्या पाण्यात तरंगणारी अंडी-पिल्लंही त्याच्यासोबत जातात. किनाऱ्यापासून लांब गेलं की खाणं विरळ होत जातं. वर वारा फार असला की पाणी घुसळलं जातं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रूबेन लास्कर या शास्त्रज्ञाने पाहिलं की अँकोव्हीच्या पिल्लांना पुरेल इतकं दाट खाणं एका पातळ थरात साचलेलं असताना वादळ आलं आणि तो थर विस्कटून गेला. खाणं समुद्रात तेवढंच राहिलं, पण इतकं पसरलं की पिल्लाच्या तोंडासमोर काही येईना.

पुढे 1989 मध्ये फिलिप क्यूरी आणि क्लोद रॉय या दोघांनी निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या अशा माशांची आकडेवारी वाऱ्याशी ताडून पाहिली. सेकंदाला 5 ते 6 मीटर, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर वाऱ्याच्या आसपास पिल्लं सर्वांत जास्त जगतात. त्याहून मंद वाऱ्यात खत कमी पडतं, त्याहून जोरात घुसळण आणि वाहून जाणं वाढतं. म्हणून ‘यंदा वारा जोरात होता, मासळी भरपूर येणार’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर विश्वास ठेवायला घाई करू नका. वारा आठवड्या-आठवड्याने कसा होता, मधे उघडीप मिळाली का, आणि त्या वेळी अंडी पाण्यात होती का, हे सगळं जुळून यावं लागतं.

अपवेलिंगची दुसरी काळी बाजू प्राणवायूची. अरबी समुद्रात खोलवर प्राणवायू मुळातच फार कमी. तेच पाणी पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या उथळ भागात चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही. आणि भरघोस वाढलेले डायटम मरून तळाला कुजतात, तेव्हा उरलासुरला प्राणवायूही संपतो. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून पाण्याची नियमित मोजणी करत आली आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाचा प्राणवायू शून्याला टेकतो, आणि कधीकधी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. तळाचे मासे तिथून निघून जातात. तारली-बांगड्यासारखे वरचे मासे किनाऱ्याजवळच्या पातळ थरात दाटीने उरतात. अशा वेळी जाळं भरून येतं आणि आपण म्हणतो, यंदा समुद्र उदार झाला. प्रत्यक्षात मासे वाढलेले नसतात, कोंडलेले असतात. एका ओढीत किती आले यावरून समुद्रात किती आहेत, हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

आणि हे सगळं आपल्याच वाऱ्यावर चालत असतं तर अंदाज बांधणं सोपं झालं असतं. कोकण-गोव्यासमोर किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा इतका काही जबर नसतो. तेवढ्याने इथल्या प्रवाहाचा हिशेब लागत नाही. राहिलेलं उत्तर विषुववृत्ताजवळ आणि बंगालच्या उपसागरात आहे. तिथे वाऱ्याने पाण्याच्या आतल्या थरांत उठवलेल्या लांबलचक लाटा किनारा उजव्या हाताला धरून प्रवास करतात. पूर्व किनाऱ्याने खाली, श्रीलंकेला वळसा घालून, मग आपल्या किनाऱ्याने वर. पृष्ठभागावर त्या जाणवतही नाहीत, पण थंड आणि कोमट पाण्याची सीमा त्या वर-खाली करतात. ही सीमा वर असली तर थोड्या वाऱ्यातही खताचं पाणी वर येतं. खोल असली तर कितीही वारा वाहिला तरी वर येतं ते कोमट, निकस पाणीच.

पेरूच्या किनाऱ्यावर हे अगदी ढळढळीत दिसतं. हम्बोल्ट प्रवाहातल्या अँचोव्हेटा या बोटभर माशाची 1970 च्या सुमारास वर्षाला 1 कोटी 20 लाख टनांहून जास्त मासेमारी होत होती. 1972-73 च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी दर काही वर्षांनी तापतं त्या काळात, कोमट पाण्याचा थर जाड झाला, खतपाणी खाली दबलं, आधीच वारेमाप पकडलेला मासा कोसळला, आणि त्यावर जगणारे समुद्रपक्षी लाखांनी मेले. 2023 मध्येही असंच कोमट पाणी पसरलं, जाळ्यात पिल्लंच पिल्लं येऊ लागली, तेव्हा पेरूच्या सरकारने उत्तर-मध्य भागातला वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला.

आपल्याकडे एल निनोच्या जोडीला हिंद महासागराचा स्वतःचा झोका आहे, इंडियन ओशन डायपोल. कधी पूर्वेकडचा समुद्र थंड आणि पश्चिमेचा उबदार होतो, तेव्हा त्याला धन डायपोल म्हणतात. 1997 आणि 2019 ही तशी ठळक वर्षं. त्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत कोमट-थंड पाण्याची सीमा खाली ढकलली जाते आणि शरद ऋतूतला प्राणवायूचा तुटवडा पुष्कळ टळतो, असं संशोधनातून दिसलं आहे. तळाच्या माशांना दिलासा, पण खताचा पुरवठाही त्याच कारणाने मंदावतो. एकाच घटनेत एका माशाचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान.

केरळात 2012 नंतर तारली घसरली, ती 2015-16 च्या जोरदार एल निनोच्या आसपास फारच. कोचीच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मात्र दोष एकट्या हवामानाला दिला नाही. भरभराटीच्या वर्षांत विणीला आलेले मासे आणि पिल्लं दोन्ही बेसुमार पकडली गेली होती, असंही त्यांनी नोंदवलं. मला हेच पटतं. प्रवाहाने चार पिल्लं जगवली आणि आपण त्यातली तीन बोटभर असतानाच उचलली, तर पुढचं वाईट वर्ष झेलायला समुद्रात कोणी उरत नाही. रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने लांब जाळं ओढणारे, आणि पर्ससीनवाले यांच्या वादात ‘मासे गेले कुठे’ याचं अर्धं उत्तर पाण्याच्या चालीत आहे, ही गोष्ट खरी. पण तेवढ्याने जाळ्यांची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. प्रवाह आपल्या हातात नाही, जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचं माप, आहे.

तारली 15 सेंटीमीटरच्या आसपास विणीला येते. केरळात पकडायची किमान लांबी ठेवली आहे 10 सेंटीमीटर, बांगड्याला 14. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. तारलीची 10 सेंटीमीटरची मर्यादा मला तोकडी वाटते, कारण त्या मापाच्या तारलीने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. पण ही मर्यादासुद्धा पाळली गेली तरी फरक पडेल. पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक बोटींची मासेमारी बंदी साधारण 1 जून ते 31 जुलै, आणि तारलीची वीण सप्टेंबरपर्यंत रेंगाळते. म्हणजे ऑगस्टमध्ये या बोटी बाहेर पडतात, तेव्हा त्या वर्षीची कित्येक पिल्लं अजून धाग्याएवढी असतात.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा पाहून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे, ते मच्छीमारांना मराठीतही कळवते. डिझेल वाचतं, वेळ वाचतो, चांगली सोय आहे. पण ती सांगते आज जाळं कुठे टाकावं. पुढच्या वर्षी किती तारली असेल, हे सांगायचं तर जुलै-ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात पाण्यातली अंडी आणि धाग्याएवढी पिल्लं मोजावी लागतील, तीही कन्याकुमारीपासून रत्नागिरीपर्यंत आणि दरवर्षी. या मोजणीसाठी जहाज आणि पैसा मागायला मच्छीमार संघटनांनी एकदा एकत्र यावं, अशी माझी इच्छा आहे. रापणवाले आणि पर्ससीनवाले दोघांनीही, कारण त्या आकड्याची गरज दोघांना सारखीच आहे.